पंचनाम्यात न बसणारा धसका

पावसाने जोर धरला की महाडच्या बाजारपेठेतील दुकानदार माल वरच्या फळ्यांवर चढवू लागतात. पोलादपूरच्या डोंगरउतारांवरील वाड्यांना तहसील कार्यालयाकडून स्थलांतराच्या नोटिसा जातात. सावित्रीचे पाणी कुठवर आले, याची चौकशी मुंबईतील चाकरमानी रात्री-अपरात्री दूरध्वनीवरून करू लागतात. गेल्या दोन दशकांच्या अनुभवाने आलेले हे शहाणपण आहे. मात्र, या सगळ्या धावपळीत घरातील दहा-बारा वर्षांचे मूल काय करीत असते, याकडे क्वचितच कुणाचे लक्ष जाते. कुणी दप्तर उशाशी घेऊन झोपते, कुणी झोपतच नाही. कुणाच्या पोटात नेमके शाळेच्या वेळी दुखू लागते. कुणी आईचा पदर सोडत नाही, तर एरवी शांत असलेले एखादे पोर क्षुल्लक कारणावरून आकांडतांडव करते. ‘पोराने धसका घेतलाय’ एवढ्या तीन शब्दांत घरातील वडीलधारी मंडळी त्याचे निदान करतात आणि अंगारा लावून किंवा दृष्ट काढून विषय संपवितात.

या निदानाला हसण्याचे कारण नाही. वैद्यकशास्त्र ज्याला चिंताविकार किंवा आघातोत्तर ताण म्हणते, त्याच्या बराच जवळ जाणारा ‘धसका’ हा शब्द आहे. घटना होऊन गेली, तरी शरीर ती अजून घडतेच आहे अशा थाटात वागत राहते, हा अर्थ त्यात पुरेपूर आला आहे. अडचण निदानात नाही. ती पुढे काय करायचे, यात आहे.

चौदा महिन्यांतील तीन आघात

रायगड जिल्ह्याच्या या दक्षिण टोकाला आपत्तींचा इतिहास नवा नाही. २५ व २६ जुलै २००५ रोजी महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन, कोंडीवते या गावांवर दरडी कोसळल्या. पोलादपूर तालुक्यातही बळी गेले. या दोन तालुक्यांत मिळून सुमारे दोनशे माणसे त्या पावसाने नेली. मुंबईतील २६ जुलैच्या महापुरापुढे ही बातमी त्या वेळी काहीशी झाकोळली गेली, हेही नमूद करावयास हवे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन बस प्रवाशांसह पुरात गडप झाल्या. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली.

त्यानंतरचा काळ तर मुलांच्या दृष्टीने विशेष कठीण ठरला. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्याच वर्षी २४ ऑगस्टच्या संध्याकाळी महाडच्या काजळपुऱ्यातील ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण मरण पावले. ढिगाऱ्याखालून अनेक तासांनी एका चार वर्षांच्या मुलाला जिवंत बाहेर काढले, तेव्हा जमलेल्या गर्दीने केलेला जल्लोष देशभर दूरचित्रवाणीवर दिसला. पुढच्या वर्षी २२ जुलै २०२१ रोजी सावित्री, गांधारी व काळ या नद्यांच्या पाण्याने महाड शहर बुडाले. त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर खचून ऐंशीहून अधिक ग्रामस्थ गाडले गेले. शोधकार्य थांबविण्यात आले, तेव्हा त्यांतील कित्येकांचे मृतदेहही हाती लागले नव्हते. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. वादळ, इमारत व महापूर ही सारी चौदा महिन्यांच्या आतली गोष्ट. याच काळात करोनामुळे शाळाही बंद होत्या. म्हणजे आपत्तीनंतर मुलाला सर्वांत लवकर सावरणारी जी गोष्ट, वेळापत्रक आणि सवंगडी, तीच नेमकी नव्हती.

त्या वेळी पाचवी-सहावीत असलेली मुले आज दहावीच्या आसपास आहेत. आणि २००५ साली जी दहा वर्षांची होती, ती आज स्वतः आई-बाप झाली आहेत. या विषयाचा खरा पेच येथे आहे. त्याकडे पुढे वळू.

भीती खरी असते तेव्हा

मुलांच्या चिंताविकारावर सर्वाधिक अभ्यासलेला उपचार म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार. ढोबळमानाने त्याची रीत अशी: आधी मुलाला भीती म्हणजे काय, ती शरीरात कुठे जाणवते, छाती का धडधडते, हात गार का पडतात, हे त्याच्या भाषेत समजावून द्यायचे. भीतीला दहापैकी गुण द्यायला शिकवायचे. मग मुलाच्या मदतीनेच भीतीची एक शिडी तयार करायची. तळाच्या पायरीवर सर्वांत सोपी आणि वरच्या पायरीवर सर्वांत अवघड गोष्ट. एकेक पायरी चढताना मूल त्या प्रसंगात पुरेसा वेळ थांबते आणि आपण समजत होतो ते घडले नाही, शिवाय घाबरूनही आपण निभावून नेले, हे स्वतः अनुभवते. उपचाराचा गाभा हा अनुभव आहे. ‘घाबरू नकोस’ असे शंभरदा सांगून जे होत नाही, ते पंधरा मिनिटे धीराने थांबल्याने होऊ शकते.

त्याचा उपयोग किती, याबाबत बऱ्यापैकी भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत ७ ते १७ वर्षे वयाच्या ४८८ मुलांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांच्या अखेरीस या उपचाराने सुमारे ६० टक्के मुलांत ठळक सुधारणा झाली. सरट्रालिन या औषधाने ५५ टक्के, दोन्ही एकत्र दिल्यावर ८१ टक्के, तर निव्वळ औषधासारख्या दिसणाऱ्या गोळीने २४ टक्के मुले सुधारली. हे शेवटचे दोन आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. गंभीर त्रासात औषधाला नाक मुरडण्याचे कारण नाही, हे पहिला आकडा सांगतो. काही मुले केवळ आपुलकीची विचारपूस आणि काळ यांनीही सावरतात, हे दुसरा. अर्थात मुलांना असे औषध द्यायचे तर ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. पहिल्या काही आठवड्यांत मुलाच्या मनात आत्मघाताचे विचार येत नाहीत ना, यावर नजर ठेवावी लागते. झोप यावी म्हणून ओळखीच्या औषध दुकानातून आणलेली शामक गोळी हा उपचार नव्हे.

महाराष्ट्राला ही विचारपद्धती परकी नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती डॉ. कि. मो. फडके यांनी मराठीत आणून रुजविली. ठाण्यात १९९० साली सुरू झालेल्या, डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या मानसिक आरोग्य संस्थेने ती शाळा-महाविद्यालयांपर्यंत नेली. आपल्याला घटना त्रास देत नाही, तर घटनेविषयीचा आपला अविवेकी विचार त्रास देतो, हे तिचे सूत्र शहरी मराठी वाचकाच्या चांगले परिचयाचे आहे.

परंतु तळियेच्या किंवा केवनाळेच्या मुलापुढे हे सूत्र जसेच्या तसे ठेवता येत नाही. परीक्षेत नापास झालो तर जग बुडेल, हा विचार अविवेकी आहे. डोंगर कोसळेल, हा नाही. डोंगर कोसळलेला त्याने पाहिला आहे. रायगड जिल्ह्यातील शंभराहून अधिक गावे दरडप्रवण म्हणून सरकारी यादीत आहेत आणि त्यांतील सर्वाधिक महाड तालुक्यात आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली. अशा ठिकाणी ‘काही होत नाही रे’ म्हणणारा समुपदेशक मुलाच्या दृष्टीने एक तर खोटे बोलत असतो, किंवा त्याला काही कळत नसते.

मग उपचार काय करतो? तो भीती पुसत नाही, तिला मर्यादा घालतो. जानेवारीतील ढगाळ सकाळ आणि जुलैतील अतिवृष्टीचा इशारा यांत फरक करायला मुलाला शिकवतो. पत्र्यावर वाजणारी प्रत्येक सर म्हणजे दरड नव्हे. उलट डोंगराला पडलेली नवी भेग, अचानक गढूळ झालेला झरा, वाकलेली झाडे या खुणा दिसल्या, तर घाबरणे योग्यच आणि धावत जाऊन मोठ्यांना सांगणे त्याहून योग्य. येथे मानसोपचार आणि आपत्ती व्यवस्थापन यांच्या सीमा एकमेकांत मिसळतात. पर्जन्यमापकाची नोंद ठेवायला शिकलेले, गावाच्या स्थलांतराच्या सरावात आजीचा हात धरण्याची जबाबदारी मिळालेले मूल हे भीतीच्या शिडीच्याच पायऱ्या चढत असते. त्याला करण्यासारखे काहीतरी मिळालेले असते. याउलट धोक्याच्या जागेवरच राहायला लावून ‘मन खंबीर कर’ असे त्याला सांगणे, ही प्रशासनाने आपली जबाबदारी पोराच्या गळ्यात बांधण्याची रीत झाली. मानसोपचार हा पुनर्वसनाला पर्याय होऊ शकत नाही. तळियेच्या वाचलेल्या कुटुंबांना आधी कंटेनरच्या घरांत दिवस काढावे लागले, पक्की घरे नंतर आली. त्या मधल्या काळात मुलाच्या मनाला स्थैर्य येईल, अशी अपेक्षा करणेच चुकीचे होते.

ज्या मुलांनी आई-वडील किंवा भावंडे गमावली, त्यांच्यासाठी केवळ भीतीची शिडी पुरत नाही. आघातावर केंद्रित असा वेगळा उपचार असतो. त्यात मूल जे घडले ते आपल्या गतीने, चित्रांतून, खेळातून वा लिहून मांडते आणि हळूहळू त्या आठवणीचा ताबा स्वतःकडे घेते. मृतदेहच मिळाला नाही, अशा घरांत हे काम अधिक नाजूक असते. गेलेले माणूस परत येईल, ही आशा मूल बराच काळ सोडत नाही.

आपत्तीनंतरच्या पहिल्या दिवसांत मात्र प्रत्येक मुलाला बसवून ‘सांग, काय पाहिलेस’ असे विचारणे हितावह नाही. एका बैठकीत सारे ओकून टाकायला लावण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. ती उपयोगी ठरत नाही, काहींना उलट अपाय करते, असे दिसून आल्यामुळे आज ती वापरू नये असाच सल्ला दिला जातो. पहिल्या दिवसांची गरज वेगळी असते: सुरक्षित जागा, ओळखीची माणसे, जेवण-झोपेची ठरावीक वेळ, खरी माहिती आणि शक्य तितक्या लवकर शाळा. कॅमेरे घेऊन मदत छावणीत शिरणाऱ्या आम्हा पत्रकारांनीही हे ध्यानात ठेवायला हवे. मुलाच्या तोंडून कहाणी वदवून घेतली की बातमी चांगली होते. मुलाचे काय होते, हे पाहायला आम्ही थांबत नाही. बहुतेक मुले काही आठवड्यांत वा महिन्यांत आपोआप सावरतात. जी सावरत नाहीत, शाळा टाळतात, झोपेत ओरडतात, पुढच्या जुलैतही तशीच गोठून जातात, ती शोधून काढणे हे उपचार व्यवस्थेचे काम.

पालकांचे वय झाले, धसक्याचे नाही

आता मघाचा पेच. २००५ मध्ये जुई किंवा दासगावात लहान असलेल्या मुलीवर त्या वेळी कुणी उपचार केले असण्याची शक्यता फार थोडी. ती मोठी झाली, लग्न होऊन कदाचित शेजारच्या वाडीत गेली आणि २०२१ चा पाऊस तिने स्वतःचे मूल कडेवर घेऊन पाहिला. आता पाऊस वाढला की ती मुलाला शाळेत पाठवीत नाही, रात्री त्याला जवळून हलू देत नाही, आकाशवाणीपासून भ्रमणध्वनीपर्यंत सगळीकडून पावसाची माहिती घेत बसते. हे प्रेमच आहे. पण आईचा चेहरा हाच मुलासाठी हवामानाचा अंदाज असतो आणि तो चेहरा रोजच धोक्याचा इशारा देत असेल, तर मूल तेच शिकते.

येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांनी याच धाग्यावर एक उपचारपद्धती उभी केली. तीत मुलाला भेटण्याची गरजच नसते. उपचारक केवळ पालकांबरोबर काम करतो. मुलाच्या भीतीला शरण जाऊन घरात आपण कोणकोणत्या सवलती देत गेलो, याची यादी पालक करतात आणि ‘तुला भीती वाटते हे मला कळते, आणि तू हे निभावशील याची मला खात्री आहे’ या भूमिकेतून एकेक सवलत मागे घेतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या १२४ मुलांच्या चाचणीत ही पद्धत मुलांवरच्या थेट वर्तनोपचाराइतकीच परिणामकारक ठरली. महाड-पोलादपूरसारख्या भागात तिचे मोल विशेष आहे. वडील मुंबईत नोकरीला, घरी आई आणि आजी-आजोबा, अशी असंख्य कुटुंबे येथे आहेत. मुलाला दर आठवड्याला दूरच्या शहरात नेणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. मात्र ती येथे वापरायची, तर ‘पालक’ या शब्दात आजीलाही धरावे लागेल. घरातील सवलतींची चावी बहुधा तिच्याच कनवटीला असते.

कागदावरची व्यवस्था

कागदोपत्री व्यवस्थेची उणीव नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आहे, जिल्हा कार्यक्रम १९९६ पासून. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपत्तीतील मनोसामाजिक साहाय्याची मार्गदर्शक तत्त्वे डिसेंबर २००९ मध्येच प्रसिद्ध केली. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात दहा ते एकोणीस वयोगटाचे मानसिक आरोग्य हा एक घटक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर उपचार मिळणे हा हक्कच केला. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा उपलब्ध नसतील, तर तेथील अन्य सेवेचा खर्च सरकारने सोसावा, अशी तरतूद त्यात आहे. या तरतुदीचा आधार घेऊन किती पालकांनी अर्ज केले असतील, हा प्रश्न विचारून पाहावा असा आहे.

प्रत्यक्षात जिल्हा रुग्णालय अलिबागला. महाडहून ते शंभर किलोमीटरच्या पुढे, पोलादपूरच्या वाडीतून त्याहून अधिक. उपचाराच्या बारा-चौदा बैठका गृहीत धरल्या, तर तितक्या वेळा मजुरी बुडवून, एसटीचे वेळापत्रक सांभाळून कोण जाणार? देशात एक लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही आणि जे आहेत ते बहुतांशी शहरांत आहेत. त्यांतही बालमानसोपचाराचे प्रशिक्षण घेतलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता. हा आकडा आपत्तीग्रस्त भागाचा नव्हे, सर्वसाधारण मुलांचा आहे. ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि ती मराठीतही मिळते. तिचा उपयोग जरूर आहे. पण अतिवृष्टीच्या रात्री वीज आणि भ्रमणध्वनीचे मनोरे दोन्ही बंद पडतात, हे येथील माणसाला सांगायला नको.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशव्यापी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे त्यात म्हटले आहे. त्याहून लहान शाळांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संपर्क ठेवावा. मुंबई-पुण्यातील शाळांना ही व्यवस्था लागू पडेल. पोलादपूरच्या वाड्या-वस्त्यांवरील जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांचा पटच वीसच्या आत आहे. ज्या मुलांना गरज सर्वाधिक, त्यांच्या वाट्याला म्हणजे केवळ ‘संपर्क’ येतो.

मग हे काम शिक्षकांवर सोपवावे, असा मोह प्रशासनाला हमखास होतो. जनगणना, निवडणूक, पोषण आहार यांच्या यादीत आणखी एक भर. त्याबाबत बिहारचा अनुभव बोलका आहे. नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळांत झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी, तर काही शाळांत खास नेमलेल्या, पण पदवीधर मानसशास्त्रज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी राबविला. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी व नैराश्याची लक्षणे घटली. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. तो अभ्यास चिंताविकारापुरता नव्हता, त्यामुळे त्यातून वाजवीपेक्षा मोठा निष्कर्ष काढू नये. तरीही एवढे दिसते, की काम साध्या प्रशिक्षित व्यक्तीला जमते, मात्र ते तिचे मुख्य काम असावे लागते. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने दिल्लीतील सरकारी शाळांत सुमारे अडीचशे किशोरवयीन मुलांवर अशाच समुपदेशकांकडून, तीन आठवड्यांत चार-पाच छोट्या बैठका घेऊन समस्या सोडविण्याचे तंत्र शिकवून पाहिले. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी त्याने कमी झाल्या. लक्षणांवरील परिणाम सुरुवातीला माफक होता.

महाड-पोलादपूरचे गणित यातून मांडता येते. दहा-बारा लहान शाळांच्या एका केंद्रामागे एक समुपदेशक, तोही शक्यतो याच तालुक्यातील. पंधरवड्यातून एकदा प्रत्येक शाळेत फेरी. त्याच्यावर देखरेख ठेवणारा मानसशास्त्रज्ञ महाडच्या रुग्णालयात ठरावीक वारी. आणि त्याच्याही पलीकडची मोजकी मुले अलिबागला किंवा मुंबईला. समुपदेशकाची नेमणूक कंत्राटी, अकरा महिन्यांची असेल, तर मात्र न केलेली बरी. विश्वास टाकलेले माणूस मध्येच निघून जाणे, हाच ज्या मुलांचा मूळ आघात आहे, त्यांना तोच पुन्हा देण्यात अर्थ नाही.

वेळेचेही एक गणित आहे. आजवर मनोसामाजिक साहाय्याची पथके आली ती आपत्तीनंतर, ऑगस्टमध्ये, आणि गणपतीपर्यंत बहुधा परत गेली. भीतीच्या शिडीचे काम मात्र कोरड्या दिवसांत करायचे असते, जेव्हा खालच्या पायऱ्या खरोखर सोप्या असतात. नोव्हेंबर ते मे हे सात महिने त्यासाठी आहेत. स्थलांतराच्या नोटिसा तहसीलदार कार्यालयातून निघतात त्या मे अखेरीस किंवा जूनमध्ये. त्यांत कुटुंबाचे नाव, घर क्रमांक आणि माणसांची संख्या असते. निवाऱ्याची जागा म्हणून बहुतेक वेळा शाळेचेच नाव लिहिलेले असते.